सरावाने नेमकं काय मिळतं? ‘दहा हजार तासां’च्या सिद्धांताची एक तपासणी

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. मूल तबल्याच्या क्लासला जातं, बुद्धिबळ खेळतं, स्पर्धा परीक्षेला बसतं, आणि घरात दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात. एक, ‘हे मुळात अंगातच असावं लागतं.’ दुसरं, ‘मेहनत केली की सगळं येतं.’ गंमत अशी, की बऱ्याचदा एकच माणूस ही दोन्ही वाक्यं बोलतो. शेजाऱ्याच्या मुलाचं कौतुक करताना पहिलं, आणि आपल्या मुलाला सकाळी उठवताना दुसरं!

या दुसऱ्या वाक्याला अलीकडे एक आकडा चिकटला आहे. दहा हजार तास. कुठल्याही क्षेत्रात दहा हजार तास घाला, तुम्ही निष्णात व्हाल. माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या २००८च्या पुस्तकाने हा आकडा जगभर पोचवला. आज आपल्याकडे क्लासच्या जाहिरातीत, प्रेरणादायी भाषणात, पालकसभेत तो सर्रास ऐकू येतो. मला आज या कल्पनेची तपासणी करायची आहे. तीन टप्प्यांत करू. पुरावा काय सांगतो, ‘सराव’ या शब्दाचा अर्थ काय, आणि ही कल्पना माणसांचं काय करते. तिसरा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण पहिले दोन ओलांडल्याशिवाय तिथे नीट पोचता येत नाही.

आधी पुरावा. हा आकडा आला कुठून? १९९३ साली आंडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले. सर्वोत्तम, चांगले, आणि संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणारे. प्रत्येक गटात दहा जण. लहानपणापासून एकट्याने किती तास सराव केला, हे त्यांना आठवून सांगायला लावलं. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी अशी निघाली : सर्वोत्तम गट सुमारे ७,४१० तास, चांगला गट ५,३०१, आणि तिसरा गट ३,४२०. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी दहा हजारांच्या घरात जाते. आपला प्रसिद्ध आकडा तो हाच.

आता या आकड्याकडे जरा निरखून बघा. पहिली गोष्ट, ही सरासरी आहे. एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केलं, की त्या उत्तम गटातल्याही निम्म्या मुलांनी विसाव्या वर्षापर्यंत दहा हजार तास पूर्ण केलेले नव्हते. सरासरी म्हणजे उंबरठा नव्हे. वर्गाची सरासरी उंची पाच फूट आहे, म्हणून पाच फूट झाल्याशिवाय वर्गात प्रवेश नाही, असं कुणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट, ही सगळी मुलं आधीच निवडून अकादमीत आलेली होती. जी वाटेत गळाली, त्यांचे तास कुणी मोजले? आणि तिसरी, जास्त सराव केला म्हणून ती पुढे गेली, की पुढे जात होती म्हणून त्यांना सरावाची गोडी लागली? कोण कशाचं कारण, हे नुसत्या तासांच्या बेरजेवरून ठरत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवत असू.

बुद्धिबळाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. फर्नांड गोबे आणि गिल्येर्मो काम्पितेली यांनी अर्जेंटिनातल्या खेळाडूंचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. ‘मास्टर’ या पातळीला पोचायला एका खेळाडूला सुमारे तीन हजार तास लागले होते, तर दुसऱ्याला तेवीस हजारांहून जास्त. म्हणजे जवळजवळ आठपट! मग २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग सरावाच्या फरकाशी जुळतो, असा त्यांचा प्रश्न होता. पटावरच्या आणि तत्सम खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४, आणि व्यवसायांत एक टक्क्याहूनही कमी.

इथे एक धोका आहे, तो सांगतो. हे आकडे ऐकून काही जण लगेच म्हणतात, ‘बघा, म्हणजे उरलेले ७९ टक्के जन्मजात!’ तसं मुळीच नाही. उरलेल्या भागात काय काय आहे, ते या हिशेबातून कळत नाही. कोणत्या वयात सुरुवात झाली, शिकवणारा कसा होता, घरात निवांत कोपरा होता का, तब्येत कशी होती, मोजमाप किती काटेकोर होतं, सगळंच त्यात आलं. शिवाय एरिक्सन यांचा आक्षेप असा, की या हिशेबात कसलाही सराव ‘सराव’ म्हणून धरला गेला. त्यांना अभिप्रेत होता तो हेतुपूर्वक सराव. जाणकाराने आखून दिलेला, नेमक्या उणिवेवर रोखलेला, आणि आपण कुठे चुकलो हे लगेच कळेल असा.

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वादाचा विषयच बदलतो. ‘किती सराव’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘सराव म्हणजे काय’ हा प्रश्न पुढे येतो. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. तेव्हा आता दुसऱ्या टप्प्याकडे येऊ.

मराठीत या एका गोष्टीला आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. सराव, रियाज, तालीम, उजळणी, घोकंपट्टी, मेहनत, अभ्यास. हे समानार्थी नाहीत. घोकंपट्टीला आपण नावं ठेवतो आणि रियाजाला नमस्कार करतो. दोन्हींत पुनरावृत्ती आहे. मग फरक कशात आहे?

‘अभ्यास’ हा शब्द घेऊ. संस्कृत व्याकरणात धातूचं द्वित्व होतं, तेव्हा त्यातल्या पहिल्या भागाला पाणिनी ‘अभ्यास’ ही संज्ञा देतो. ‘गम्’ धातूपासून ‘जगाम’ होतं, त्यातला ‘ज’ हा अभ्यास. ‘कृ’पासून ‘चकार’ होतं, त्यातला ‘च’ हा अभ्यास. म्हणजे पुनरुच्चार करायचा होता ‘ग’चा, आणि आला ‘ज’. करायचा होता ‘क’चा, आणि आला ‘च’. व्याकरणाच्या नियमातून तत्त्वज्ञान काढू नये, हे मला मान्य आहे. पण लक्षात ठेवायला हे उदाहरण छान आहे. अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती खरी, पण जशीच्या तशी नक्कल नव्हे.

आता पतंजलींची योगसूत्रं. तिथे विषय चित्ताच्या स्थैर्याचा आहे, गाण्याबजावण्याचा नाही. पण अभ्यास पक्का व्हायला ते ज्या अटी सांगतात, त्या आपल्या कामाच्या आहेत. दीर्घ काळ, खंड न पडणं, आणि सत्कार. सत्कार म्हणजे हारतुरे नव्हेत! व्यासभाष्यात त्याचा उलगडा तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा असा केला आहे. त्यातली ‘विद्या’ अधोरेखित करा. आपण काय करतो आहोत, हे कळत करणं. दहा हजार तास मोजणाऱ्याने पहिली अट घेतली, फार तर दुसरीही घेतली. तिसरी घड्याळात मावत नाही म्हणून सोडून दिली.

आणि ती सोडली की काय होतं? ॲरिस्टॉटलकडे जाऊ. ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकात तो म्हणतो, की माणूस घरं बांधून गवंडी होतो आणि वाद्य वाजवून वादक होतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. तो म्हणतो, वाजवूनच चांगले वादक होतात, आणि वाजवूनच वाईट वादकही होतात. चांगलं बांधून चांगला गवंडी, वाईट बांधून वाईट गवंडी. असं नसतं, तर शिक्षकाची गरजच पडली नसती.

केवढी साधी आणि केवढी मोठी गोष्ट आहे ही! सराव माणसाला चांगलं करत नाही. सराव माणसाला पक्कं करतो. कशात पक्कं, ते सराव ठरवत नाही. एखाद्याचा गंधार किंचित उतरलेला लागतो. त्याने सहा महिने रोज तासभर तोच गंधार गायला, तर काय होईल? गंधार सुधारणार नाही. तो बेसूर गंधार गळ्यात कायमचा बसेल, आणि पुढे तो काढायला सहा महिन्यांच्या दुप्पट काळ लागेल. म्हणून तर जुन्या तालमीत पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला शिष्याने गुरूच्या समोरच गावं, असा आग्रह असे. कारण ज्याला आपली चूक अजून ऐकूच येत नाही, त्याला एकट्याला रियाज करू देणं म्हणजे चुकीचा रियाज करू देणं. चाळीस वर्षं आपण सही करतो, पण अक्षर सुधारत नाही. तीस वर्षं स्कूटर चालवणारा दर वर्षी अधिक चांगला चालक होत नाही. तास भरपूर होतात, पण आपण नीट करतो आहोत का, हे विचारणारं तिथे कुणी नसतं.

गिल्बर्ट राइल यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या १९४९च्या ग्रंथात सवय आणि कौशल्य यांत फरक केला आहे. सवय कवायतीने लागते, आणि ती लागली की विचार करावा लागत नाही. कौशल्य शिक्षणाने येतं, आणि तिथे माणूस काम करता करता स्वतःला तपासत असतो, दुरुस्त करत असतो, प्रत्येक वेळी थोडं शिकत असतो. कवायत बुद्धीला रजा देते आणि शिक्षण बुद्धीला कामाला लावतं. अर्थात, कवायतही लागते. बोटं आपोआप पडल्याशिवाय तबलजी समेचा विचार करू शकणार नाही. पण कवायतीवर थांबलेला सराव म्हणजे घोकंपट्टी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सरावाने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त घडायला हवा तो कान. हात आणि गळा त्याच्या मागून येतात. ‘कान’ मी व्यापक अर्थाने म्हणतो. सुताराची नजर, स्वयंपाक करणारीचा अंदाज, लेखकाची स्वतःचं वाक्य खोडण्याची ताकद, हे सगळं त्यात आलं. आपल्या कामातलं उणं आपल्याला कळणं, याचं नाव कान. तो तयार होईपर्यंत गुरू आपल्यासाठी ऐकत असतो. तो तयार झाला, की खरा रियाज सुरू होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रतिभेचं काय? ती आहे की नाही? आपल्या काव्यशास्त्रात हा वाद शतकानुशतकं चालला आहे, आणि मला तो दहा हजार तासांच्या वादापेक्षा जास्त समंजस वाटतो. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या निर्मितीमागे तीन गोष्टी सांगतो. शक्ती म्हणजे प्रतिभा, निपुणता म्हणजे लोक, शास्त्र, काव्य यांच्या परिशीलनातून आलेली जाण, आणि अभ्यास. यात दोन बारकावे आहेत. एक, अभ्यास कसा? तर काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीखाली केलेला. नुसता अभ्यास तो म्हणतच नाही. दोन, या तिघी मिळून एकच हेतू आहेत, तीन वेगवेगळे हेतू नाहीत, हे तो मुद्दाम बजावतो. म्हणजे ‘प्रतिभा किती टक्के आणि सराव किती टक्के’ हा प्रश्नच त्याच्या मते चुकीचा ठरेल. भाकरीत पीठ किती टक्के आणि विस्तव किती टक्के, असं विचारण्यासारखं ते आहे.

सतराव्या शतकात जगन्नाथ पंडित ‘रसगंगाधरा’त त्याच्याशी भांडतो. त्याच्या मते कारण एकच, प्रतिभा. वाचणाऱ्याला वाटतं, झालं, हा जन्मजातवादी! पण पुढे तो म्हणतो, की ही प्रतिभा कधी अदृष्टातून येते, तर कधी व्युत्पत्ती आणि अभ्यासातूनही उपजते. म्हणजे प्रतिभा ही सरावाच्या आधीच असते असं नाही. ती सरावातून जन्मूही शकते. ‘टॅलेंट’ नावाची वस्तू पेटीत बंद करून माणूस जन्माला येतो, आणि सराव फक्त कुलूप उघडतो, हे चित्र आपल्या परंपरेलाही मान्य नव्हतं.

एक खरं आयुष्य समोर ठेवून बघू. कुमार गंधर्व. १९२४चा जन्म, बेळगावजवळचं सुळेभावी. दहा-बारा वर्षांचा मुलगा नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचं गाणं हुबेहूब गात असे, आणि मोठमोठे गवई थक्क होत. तास मोजणाऱ्या सिद्धांताला इथेच पहिली अडचण येते, कारण इतक्या लहान वयात तास होऊन होऊन होणार किती? पण जन्मजातवाद्यांनीही घाई करू नये. त्या वयात त्यांच्याकडे होती ती विलक्षण नक्कल. ‘कुमारांचं गाणं’ म्हणून आपण जे ओळखतो, ते अजून व्हायचं होतं. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे ते आले. देवधर स्वतः अनेक घराण्यांचं गाणं डोळसपणे अभ्यासणारे होते. तिथे त्या नकलेला विचार मिळाला. मग क्षयाने गाठलं. १९४८च्या सुमारास ते देवासला गेले, आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. डॉक्टरांची मनाईच होती.

आता तासांचा हिशेब करा. ज्या वर्षांत गायक तयार होतो, त्या वर्षांत गाण्याचे तास शून्य! त्या हिशेबाने कुमार मागे पडायला हवे होते. झालं उलटंच. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची, फिरत्या भिक्षेकऱ्यांची लोकगीतं त्यांच्या कानावर येत होती. त्या धुनांमधून राग कसे उगवतात, याचा विचार त्यातूनच पुढे आला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा दमसास पूर्वीचा नव्हता. तानेचा, स्वराच्या फेकीचा सगळा आराखडा त्यांनी नव्याने बेतला. गळा थांबलेला होता, पण कान थांबलेला नव्हता. याला मी सरावच म्हणेन, आणि तो कुठल्याही घड्याळात नोंदला जाणार नाही.

अर्थात, अशा एका असामान्य माणसाच्या उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. ‘तास म्हणजेच सराव’ हे समीकरण अपुरं आहे, एवढंच मला त्यातून दाखवायचं होतं.

आता तिसरा टप्पा. ही सगळी चर्चा कागदी वाटत असेल, तर पुण्यात सदाशिव पेठेत एक चक्कर मारा. तिथल्या अभ्यासिकांमध्ये (शब्द बघा, अभ्यासिका!) खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुलंमुली पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. पाच वर्षं, सात वर्षं. घरचे शेतीतून पैसे पाठवत असतात. आणि भिंतीवर लिहिलेलं असतं, की मेहनत करणाऱ्याला अपयश नाही.

या वाक्याचं तर्कशास्त्र तपासा. कौशल्य आणि यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला शिकण्यात कुणाची जागा कुणी अडवत नाही. शंभर जण शिकले, तर शंभर जण पोहतील. पण जिथे जागाच शंभर आहेत आणि अर्जदार लाख, तिथे सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तर काय होईल? सगळे अधिक तयार होतील, आणि निवड शंभरांचीच होईल. रांगेतला प्रत्येक जण टाचा उंच करून उभा राहिला, म्हणून रांग लहान होत नाही. तेव्हा ‘मेहनत केली की कौशल्य वाढतं’ हे वाक्य, वर सांगितलेल्या अटी पाळल्या, तर बरंचसं खरं आहे. ‘मेहनत केली की निवड होते’ हे वाक्य खरं असूच शकत नाही. त्यासाठी मानसशास्त्राच्या प्रयोगाचीही गरज नाही, अंकगणित पुरेसं आहे.

आणि खोट्या वाक्याची किंमत कोण मोजतं? ज्याची निवड झाली नाही, तो. कारण मेहनतीने यश हमखास मिळत असेल, तर अपयश म्हणजे मेहनतीची चोरी, असा निष्कर्ष आपोआप निघतो. घरचे तो काढतात, आणि फार वाईट म्हणजे मुलगा स्वतःच तो स्वतःविरुद्ध काढतो. ‘हे अंगातच असावं लागतं’ हे जुनं वाक्य निदान माणसाला दोष देत नव्हतं. ते अन्यायकारक होतंच. त्याने किती जणांना दारातूनच परत पाठवलं, कुणाच्या जातीवरून, कुणाच्या बाईपणावरून. म्हणून मी ते परत आणा म्हणत नाही. पण नवं वाक्य दार उघडं असल्याचा देखावा करतं, आणि आत जागा न मिळालेल्याला म्हणतं, तूच नीट चालला नाहीस. हा देखाव्याचा अन्याय आहे, आणि आपण शिक्षक मंडळी त्यात सामील असतो, म्हणून तो मला जास्त बोचतो.

मग मुलांना सांगायचं काय? मला दंडीचं सांगणं फार प्रामाणिक वाटतं. ‘काव्यादर्शा’त तो म्हणतो, की उपजत प्रतिभा नसली, तरी वाचनाने आणि प्रयत्नाने सेवा केली, तर वाग्देवी काही ना काही कृपा करतेच. ‘काही ना काही.’ महाकवी करते, असं तो म्हणत नाही. आणि पुढे सांगतो, की कवित्व बेताचं असलं, तरी ज्यांनी श्रम केले आहेत, त्यांना रसिकांच्या मैफलीत वावरता येतं. एवढंच आश्वासन, पण पाळता येण्यासारखं. राजशेखराने याला शास्त्रीय जागा करून दिली. रचणाऱ्याची ती कारयित्री प्रतिभा, आणि जाणून आस्वाद घेणाऱ्याची ती भावयित्री. आस्वाद घेणं हीही प्रतिभाच! दहा वर्षं गाणं शिकून जो गवई झाला नाही, त्याची दहा वर्षं फुकट गेली नाहीत. त्याला कान मिळाला. त्याच्यासारखे चार जण पुढे बसलेले असतात, म्हणून वर बसलेल्याला गावंसं वाटतं.

हे दिलासा म्हणून सांगत नाही. त्यातून एक कसोटी निघते. ज्या सरावातून असा कान मिळतो, तो निवड होवो न होवो, वाया जात नाही. ज्या सरावाचं निकालाच्या दिवशी निवड झाली नाही तर काहीच उरत नाही, त्या सरावाकडे आणि तशा परीक्षेकडे संशयाने बघायला हवं. तेव्हा पालक म्हणून, शिक्षक म्हणून मुलाला ‘किती तास बसलास?’ हे विचारणं आपण थोडं कमी करू या. ‘काल न कळलेलं असं आज काय कळलं? आपलं कुठे चुकतंय, हे तुला आता ऐकू येतं का?’ असं विचारून बघू. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याचा अभ्यास चालू आहे. ‘नाही’ आलं, तर त्याला आणखी तासांची नाही, शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाची गरज आहे. आणि तो माणूस होणं आपल्यापैकी पुष्कळांना जमण्यासारखं आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.